नवागताचे स्वागत : एक दूरचा दाखला

मंडळाच्या नव्या सभासदाच्या हाती आम्ही प्रथम वर्गणीची पावती ठेवतो. पुढे त्यास काय सांगावे, याचा विचार करता आम्हांस ‘फाय बीटा कॅपा’ आठवतो.

गुणी विद्यार्थ्यांचा हा अमेरिकन संघ ५ डिसेंबर १७७६ रोजी विल्यम्सबर्गच्या विल्यम अँड मेरी महाविद्यालयात पाच विद्यार्थ्यांनी स्थापिला. स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. नवागतास गुप्ततेची शपथ घ्यावी लागे, हस्तांदोलनाची खूण शिकावी लागे. हा थाट आम्हांस किंचित पोरकट वाटतो. पण ती पोरेच होती! मात्र शपथेनंतर त्यास जे सांगत, ते पोरकट नव्हते : येथे महाविद्यालयाचे नियम क्षणभर विसरावे आणि मनातील विचार निःसंकोच मांडावे. गुलामगिरी न्याय्य आहे काय, हा विषयही त्यांनी वादास घेतला. आणि तोही गुलामांच्या श्रमावर तंबाखू पिकविणाऱ्या व्हर्जिनियात.

१७८१ च्या जानेवारीत इंग्रज फौजा जवळ येताच मूळ शाखा बंद पडली. तत्पूर्वीच एलायशा पार्मेली या सभासदावर येल व हार्वर्ड येथे शाखा काढण्याचे काम सोपविले होते, म्हणून संघ तगला. १८३१ मध्ये हार्वर्डने गुप्तता सोडली. निःसंकोच बोलण्याचे ते निमंत्रण स्त्रियांपर्यंत पोहोचण्यास मात्र ९९ वर्षे लागली. १८७५ साली व्हरमाँट विद्यापीठाच्या शाखेने त्यांना प्रथम सभासद करून घेतले.