भाजलेल्या जखमेवरील मधाची कुळकथा

जखमेवर मध लावण्याच्या प्रघाताचे फार जुने लेखी दाखले नाईलकाठच्या वैद्यांच्या दप्तरात सापडतात. इसवी सनापूर्वी सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमाराचे मानले जाणारे एडविन स्मिथ पपायरस जखमेवर चरबी, मध आणि सुताचे तंतू यांची पट्टी बांधावयास सांगते. परंतु दग्धव्रणाचा स्वतंत्र आणि सूक्ष्म विचार पाहावयाचा, तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्यायच उघडावा लागतो. शस्त्राइतकेच अग्नीलाही उपचाराचे साधन मानणाऱ्या त्या आचार्याने दाहाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार केले, वैद्याने डाग दिलेल्या जागी मध व तूप चोळावे असे सांगितले, आणि कोणत्याही प्रकारच्या भाजण्यावर व्रण भरून आणणारे उत्तम औषध म्हणून जे घृत दिले त्याच्या द्रव्यांत ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन व मूर्वा यांच्याही आधी मेणाचे नाव घातले. मधमाशीच्या घरची दोन्ही द्रव्ये अशी एकाच अध्यायात जळलेल्या त्वचेच्या सेवेस रुजू झालेली आहेत.

पुढील शतकांत हा उपचार चालत राहिला, पण त्याचे कारण फार उशिरा कळले. 1937 मध्ये जर्मनीतील डोल्ड यांनी मधातील जंतुरोधक गुणास ‘इन्हिबिन’ हे नाव दिले, आणि 1960 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेतील जोनाथन व्हाइट व त्यांचे सहकारी यांनी तो गुण मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडचा असल्याचे दाखविले. मधमाशी मधात एक विकर मिसळते. घट्ट मधात ते जवळजवळ निद्रिस्त असते, परंतु जखमेतील पाझराने मध पातळ होऊ लागताच ते जागे होऊन पेरॉक्साइड थोडे थोडे निर्माण करीत राहते. शिवाय मधातील शर्करा जंतूंचे पाणी शोषून घेते आणि त्याची आम्लताही त्यांना मानवत नाही. मध तापविला तर हे विकर नष्ट होते.

आता ज्या नोंदीसाठी हे लिहावयास घेतले ती सांगतो. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनी 1991 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त वरवर भाजलेल्या 104 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. 52 जणांस मध आणि 52 जणांस त्या काळी सर्वमान्य असलेले सिल्व्हर सल्फाडायझिन हे जंतुरोधक औषध, अशी ही तुलना होती. सात दिवसांत मधाच्या 91 टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, तर दुसऱ्या गटात जंतुसंसर्ग आटोक्यात आला तो 7 टक्के रुग्णांत. पंधरा दिवसांत बऱ्या झालेल्या जखमांचे प्रमाण 87 आणि 10 टक्के असे होते. सिल्व्हर सल्फाडायझिन नव्या त्वचेची वाढ मंदावते असे पुढे दिसून आले, म्हणून या अंतराचे सगळे श्रेय मधास देता येत नाही. मला मात्र याच शल्यविशारदांचा 1999 चा निबंध अधिक मोलाचा वाटतो. कारण मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत मृत त्वचा लवकर छेदून त्वचारोपण करणे हे मधापेक्षा सरस ठरते, असा निर्वाळा त्यांनी स्वतःच्याच चाचणीवरून दिला. ज्या उपचाराचा पुरस्कार केला त्याची हद्दही आपल्याच हाताने आखून द्यावी, याला मी खरी शास्त्रनिष्ठा म्हणतो.

घरी भाजल्यास पहिला उपचार वाहत्या थंड पाण्याचा, आणि दाह मोठा वा खोल असेल तर तत्काळ रुग्णालयाचा. फडताळातील बाटलीचा मध जखमेवर ओतू नये; त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

निरनिराळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 2015 च्या कॉक्रेन समीक्षेने, त्वचेची पूर्ण जाडी न जळलेल्या जखमा रूढ पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, असा निष्कर्ष मान्य केला. परंतु त्यामागील चाचण्या एकाच केंद्रातील असल्याची उणीवही नोंदविली. ही उणीव भरून काढणे आपल्याच हाती आहे. महाराष्ट्रातील ज्या ज्या शासकीय रुग्णालयात दग्धविभाग आहे, तेथील शल्यविशारदांनी सोलापूरची चाचणी आजच्या कसोट्यांवर पुन्हा करून पाहावी, आणि निकाल अनुकूल येवो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करावा.