संगणकाची संकेतवाणी

नाडी पाहून वैद्य रोग ओळखी, तसा जुन्या संगणकाचा दोष कारागीर आवाज ऐकून ओळखी. या विद्येचा इतिहास मोठा नाहीं. परंतु तो बोधप्रद आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. कळ दाबतांच तें यंत्र प्रथम स्वतःचीच परीक्षा घेई आणि सारें ठीक असल्यास 'बीप' असा एक आंखूड आवाज काढी. दोष आढळल्यास पडद्यावर आंकडे उमटत: २०१ म्हणजे स्मृतींत बिघाड, ३०१ म्हणजे कळफलकांत. परंतु पडदा चालविणारें कार्डच नादुरुस्त असेल, तर आंकडे उमटावे कोठें? या अडचणीवर ध्वनीचा उपाय योजिला गेला. यंत्रांतील लहानसा स्पीकर पडद्यावांचूनहि वाजूं शके. एक लांब व दोन आंखूड आवाज आले कीं दोष पडद्याच्या कार्डांत समजावा. आवाज मुळींच न आल्यास प्रथम वीजपुरवठा तपासावा.

हा संकेत सर्वत्र एकच राहता, तर कारागिरांचें काम सोपें झालें असतें. पण ही परीक्षा घेणारी 'बायॉस' नांवाची आज्ञावली आय. बी. एम.च्या स्वामित्वहक्काखालीं होती. कंपनीनें ती आपल्या ग्रंथांत छापली होती खरी. तथापि नक्कल करण्याची मुभा नव्हती. १९८२ मध्यें कॉम्पॅक कंपनीनें यावर तोड काढली. कांहीं जणांनीं मूळ आज्ञावली वाचून तिचें कार्य टिपावें, आणि जिनें ती कधीं पाहिलीच नाहीं अशा दुसऱ्या मंडळीनें त्या टिपणावरून नवी लिहावी. १९८४ मध्यें फिनिक्स कंपनीनें अशीच बायॉस इतर यंत्रकारांस देऊं केली; अवॉर्ड व ए. एम. आय. यांच्या बायॉसहि प्रचारांत आल्या.

कार्य तेंच राहिलें, पण बोली निरनिराळ्या झाल्या. ए. एम. आय.च्या बोलींत तीन आवाज म्हणजे आरंभींच्या ६४ किलोबाइट स्मृतींत दोष, आठ म्हणजे पडद्याच्या स्मृतींत. फिनिक्सनें तर मध्यें थांबे घेणारे आवाजांचे गट योजिले. ही बोली न ओळखणारा कारागीर निरोगी भाग काढून टाकी, रोगी भाग तसाच राही, आणि दोहोंचा भुर्दंड मालकास पडे. जाणता कारागीर मात्र आधीं बायॉसच्या चिपेवरील नांव वाची, मग आवाज मोजी. दोष स्मृतीचा निघाल्यास तो वीज तोडून स्मृतीची पट्टी काढी, तिची सोनेरी कड खोडरबरानें हलकेच पुशी आणि पट्टी पुन्हां घट्ट बसवी. पुष्कळदां एवढ्यानेंच यंत्र चालूं होई.

पुढें बायॉसची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीनें घेतली, आणि अनेक यंत्रांतून तो लहान स्पीकरहि गेला; त्याच्या जागीं दोष दाखविणारे बारीक दिवे आले. तरी कपाटांतला जुना संगणक आजहि कोणी सुरू करतो, तेव्हां तो आपल्या जुन्या बोलींतच बोलतो. पेचकस उचलण्यापूर्वीं ती बोली कोणाची, एवढें विचारणें हिताचें.