अफगाण चर्च

मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा येथील अँग्लिकन पंथीय स्मारक-चर्च. अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च. पहिले अफगाण युद्ध (१८३८–४२) व सिंधची मोहीम (१८४३) यांत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले; त्यावरून ‘अफगाण चर्च’ हे नाव रूढ झाले.

मुंबई इलाख्याच्या फौजा सिंधमार्गे अफगाणिस्तानात गेल्या व जुलै १८३९ मध्ये गझनी घेण्यात त्यांचा वाटा होता. तथापि जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेणारे ब्रिटिश सैन्य जवळजवळ नष्ट झाले. मिआनीच्या लढाईत (१८४३) मुंबईच्या एतद्देशीय पलटणीही लढल्या. या मोहिमांत रोगराईनेही अनेक बळी घेतले.

कुलाब्याच्या लष्करी छावणीतील साध्या प्रार्थनागृहाच्या जागी पक्के स्मारक-चर्च बांधण्यासाठी वर्गणी जमविण्यात आली. जहाजांना दुरून खूण पटावी म्हणून उंच मनोरा बांधण्याच्या अटीवर सरकारने जमीन दिली. ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाभरणी झाली. हेन्री कॉनीबेअर याने गॉथिक शैलीत आराखडा केला. अंतर्भागातील फरशी व जाळीकाम विल्यम बटरफील्डच्या योजनेनुसार झाले. बांधकामात कुर्ल्याचा व पोरबंदरी दगड वापरला आहे. ७ जानेवारी १८५८ रोजी चर्चचे पवित्रीकरण झाले. सुमारे ६० मी. उंचीचा मनोरा मात्र १८६५ मध्ये पूर्ण झाला. एकूण खर्च ५,६५,००० रुपये आला. त्यात सर कावसजी जहांगीर या पारशी दात्याचे ७,५०० रुपये होते.

वेदीगृहाच्या भिंतींवर मृत अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. कनिष्ठ हुद्देदार व शिपाई यांची संख्या फार मोठी असल्याने त्यांची नावे नोंदविता आली नाहीत, असा स्मृतिलेखाचा आशय आहे. कोकण, देश व उत्तर हिंदुस्थान येथून भरती झालेल्या, बहुतांशी हिंदू व मुसलमान असलेल्या एतद्देशीय शिपायांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे ही वास्तू मृतांच्या स्मरणाबरोबरच, कोणाचे स्मरण नावानिशी करावयाचे याविषयीच्या तत्कालीन लष्करी दृष्टिकोनाचीही साक्ष देते. पलटणींच्या स्मृतिशिला व निशाणे, तसेच रंगीत काचांच्या खिडक्या यांमुळे मुंबईच्या वसाहतकालीन वास्तूंत तिला महत्त्वाचे स्थान आहे.