विद्यापीठाभोवतीची जमीन : सालोटगीपासून इंदूरपर्यंत

विद्यापीठाच्या परिसरातील जमिनीचा नियत वापर बदलून तेथे निवास, दुकाने, खानावळी व वसतिगृहे यांना एकत्र आणि अधिक दाट वसू द्यावे काय, हा प्रश्न नगररचनाकारांपुढे आज वारंवार येतो. प्रश्नाची भाषा नवी आहे; विद्येसाठी जमीन नेमून देण्याची आपली रीत मात्र हजार वर्षांहून जुनी आहे.

विजापूर जिल्ह्यातील सालोटगी येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, शके ८६७ म्हणजे इ. स. ९४५ चा, शिलालेख सापडला आहे. कृष्णाचा मंत्री नारायण याने तेथे त्रयीपुरुषाचे देवालय व त्याला जोडून शाळा बांधली. निरनिराळ्या देशांतून तेथे विद्यार्थी येत. त्यांनी राहावे कोठे, रात्री वाचावे कशाच्या उजेडात, गुरूचा चरितार्थ कशावर चालावा, या सर्वांची उत्तरे त्या दगडावर कोरलेली आहेत. विद्यार्थ्यांसाठी २७ घरे. दिव्यांच्या खर्चासाठी १२ निवर्तने जमीन. मुख्य अध्यापकासाठी ५० निवर्तने. (निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप होय.) शिवाय अग्रहारातील घरांनी विवाहाच्या वेळी ५, मुंजीच्या वेळी अडीच व चौलाच्या वेळी सव्वा नाणे शाळेला द्यावे, आणि ब्राह्मणभोजन असेल तेव्हा शाळेतील मंडळींनाही यथाशक्ति जेवू घालावे, असा निर्बंध होता. जमिनीचा वापर ठरवतानाच त्या वापराचा भार कोणी उचलावयाचा हेही येथे ठरले. ही विद्या एका वर्णापुरती होती, गावातील बहुसंख्यांना त्या २७ घरांचे दार बंद होते, हे विसरून या लेखाचा गौरव करणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल.

शाळेचा भार वस्तीने उचलावा ही कल्पना पुढेही टिकली. माधुकरी मागून वा वार लावून जेवणारे विद्यार्थी मराठी घरांना परिचित होते. घर, देऊळ, बाजार आणि पाठशाळा यांत कुंपण नव्हते. विसाव्या शतकातील नगररचनेने ते घातले : निवासाचा रंग वेगळा, व्यापाराचा वेगळा, विद्यालयाचा वेगळा.

या विभागणीला आपल्या भूमीवर विरोध करणारा एक थोर पुरुष परदेशी होता. स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडिस यांनी एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ झालेल्या वस्तीत स्वतः बिऱ्हाड केले आणि १८८७ साली तेथे विद्यार्थ्यांनीच चालविलेले वसतिगृह सुरू केले. होळकर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. जुन्या आळ्या पाडून सरळ रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता, आणि विद्यापीठाचा विचार त्यांनी नगराच्या विचारातच केला. त्याआधीच्या दिवाळीत त्यांनी काढलेली मिरवणूक प्रसिद्ध आहे. जी आळी अधिक स्वच्छ, तिच्यातून मिरवणूक जाणार, असे त्यांनी जाहीर केले आणि शहर झाडून निघाले! आपल्या उत्सवांचे बळ आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक उमगले होते असे वाटते.

इंदूरला विद्यापीठ प्रत्यक्षात आले ते १९६४ साली. १९८८ मध्ये त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. त्याचे एक आवार, नालंदा, शहरात आहे. दुसरे, तक्षशिला, खंडवा रस्त्यावर. जवळच भंवरकुआँचा भाग. होळकर महाविद्यालय, शिकवणीवर्ग आणि विद्यापीठ यांच्या ओढीने तेथे घरांची वसतिगृहे झाली, ओसरीत खानावळी आल्या. १९७३ च्या कायद्याने मध्य प्रदेशात भूमिवापर विकास आराखड्याने बांधला जातो. परंतु चार माणसांसाठी बांधलेल्या घरात वीस मुले राहू लागली तर आराखड्यातील रंगाला त्याची वार्ता नसते. पाणी, गटार आणि जिना मात्र चारांच्याच मापाचे राहतात. कागदावर निषिद्ध असलेल्या वस्तीला कोणी नियमही लावीत नाही. आग लागल्यास मुलांनी कोणत्या वाटेने उतरावे, हे विचारणाराही कोणी नसतो.

म्हणून वापर बदलावा, दाटीलाही संमती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नुसता रंग बदलला की जमिनीची किंमत चढते. मग खानावळीच्या जागी मोठी दुकाने येतात, आणि ज्या गरीब विद्यार्थ्याच्या नावाने हा बदल झाला तोच दोन कोस दूर फेकला जातो. वाढीव मजल्यांची परवानगी देताना त्यांतील ठराविक खोल्या माफक भाड्याने विद्यार्थ्यांसाठी राखण्याची अट त्याच आदेशात हवी, आणि गटार व पाणी यांचा आकारही त्याच मालकाकडून घ्यावयास हवा. ज्या देवस्थानांचे वाडे अशा परिसरात आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी तर आदेशाची वाट न पाहता आपल्या वाड्यातील रिकाम्या खोल्या आजच मोजाव्यात.