परवाना चालकाचा, विमा समोरच्याचा



आजच्या भागात तोफा नाहीत, तह आहेत. तेही राजे-महाराजांमधले नाहीत, तर मोटारीच्या कागदांवरून देशादेशांत झालेले. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, अगदी सिलिगुडीतूनही आपली मराठी माणसं ही मालिका बघतात. अलीकडे बरेच जण स्वतःची गाडी घेऊन नेपाळ-भूतानला निघतात, मुलांकडे परदेशी गेले की तिकडे भाड्याची गाडी चालवतात. त्यांचा मला ठरलेला प्रश्न असतो, "साहेब, आपलं लायसन्स तिकडे चालतं का?" विम्याचं सहसा कुणी विचारत नाही. हे दोन कागद एकमेकांपासून वेगळे कसे पडले, त्याचा इतिहास आज सांगतो. तो कळला की घरून निघताना काय तपासायचं, हे आपोआप कळतं.

सुरुवात होते 11 ऑक्टोबर 1909 रोजी, पॅरिसमध्ये. युरोपातले देश लहान, मोटारी नव्या आणि मोटारवाले हौशी श्रीमंत. सकाळी एका देशात निघालेली गाडी दुपारी दुसऱ्या देशात. प्रत्येक सीमेवर नवी तपासणी, नवा नंबर. यावर तोडगा म्हणून पॅरिसचा करार झाला. एका देशाने गाडी आणि चालक तपासून दाखला दिला, की तो बाकीच्या देशांनी मानायचा. गाडीच्या मागे देशाची अक्षरं लिहिलेली अंडाकृती पाटी लावायची. ब्रिटनची 'जीबी', फ्रान्सची 'एफ'. आपली इंग्रजांच्या काळात 'बीआय' होती, म्हणजे ब्रिटिश इंडिया, आणि 1947 नंतर 'आयएनडी' झाली. उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक या चार धोक्यांच्या खुणाही त्याच कराराने ठरवल्या. भाषा न येणाऱ्याला रस्ता वाचता यावा, हा हेतू.

1909 च्या दाखल्यात गाडी आणि चालक एकत्र होते. 24 एप्रिल 1926 च्या पॅरिस कराराने ते वेगळे केले. गाडीचा कागद निराळा, चालकाचा निराळा. आज ज्याला आपण इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट म्हणतो, त्याचा जन्म इथला. त्यानंतर 19 सप्टेंबर 1949 चा जिनिव्हा करार आणि 8 नोव्हेंबर 1968 चा व्हिएन्ना करार. आपल्याकडे मिळतं ते परमिट जिनिव्हा कराराप्रमाणे, एक वर्षाच्या मुदतीचं.

हे परमिट म्हणजे नवा परवाना नव्हे. तुमच्या मूळ परवान्याचं ते ठरावीक नमुन्यातलं भाषांतर आहे. मूळ परवाना घरी ठेवून नुसतं परमिट नेलं, तर भाषांतर आहे आणि मूळ पुस्तक नाही, अशी गत होते. दुसरं म्हणजे, ते कराराच्या भिंतीपर्यंतच चालतं. जपान 1949 च्या नमुन्याचंच परमिट मानतो, 1968 चं मानत नाही. म्हणून आपलं तिथे चालतं आणि काही युरोपीय देशांतल्या लोकांचं चालत नाही. चीन तर कुठलंच मानत नाही. भारतातून लंडनपर्यंत गाडीने जाणाऱ्यांना चीनमधून जायचं असेल, तर तिथला तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरपाटी आणि सोबत वाटाड्या घ्यावा लागतो.

आणखी एक कागद कस्टम्सचा, त्याचं नाव कार्ने. तुमची गाडी परदेशात गेली आणि तिथेच विकली, तर त्या देशाचा आयात कर बुडतो. तसं होणार नाही याची हमी म्हणजे कार्ने. 1954 च्या न्यूयॉर्क कराराने त्याला नियमांत बसवलं. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. हमीपोटी मोठी रक्कम अडकते, गाडी परत आली की मोकळी होते.

आता नीट बघा. परमिटने चालकाची सोय झाली. कार्नेने सरकारी तिजोरीची सोय झाली. पण त्या गाडीखाली जो येईल, त्याचं काय? 1909 पासून चाळीस वर्षं या प्रश्नावर देशांमध्ये सर्वत्र लागू पडेल अशी व्यवस्था झाली नाही.

याचं कारण सोपं आहे. तृतीय पक्षाचा, म्हणजे समोरच्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा करणं हीच मुळात नवी कल्पना होती. ब्रिटनने 1930 च्या कायद्याने तो सक्तीचा केला. आपल्याकडे 1939 चा मोटार वाहन कायदा आला, पण त्यातलं विम्याचं प्रकरण लागू झालं 1 जुलै 1946 रोजी. प्रत्येक देशाचा विमा त्या देशाच्या हद्दीपुरता. पॅरिसच्या गाडीने ब्रसेल्समध्ये कुणाला उडवलं, तर जखमी माणसाने परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या कंपनीमागे हिंडायचं. गाडीवाला तोवर आपल्या घरी पोहोचलेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर रस्ते पुन्हा मोकळे झाले, तसा हा प्रश्न अंगावर आला. जानेवारी 1949 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाने एक शिफारस केली आणि 1 जानेवारी 1953 पासून ग्रीन कार्डची पद्धत सुरू झाली. कागदाचा रंग हिरवा, म्हणून हे नाव. तिची रचना मला फार आवडते, कारण तीत माणुसकी आहे आणि हिशेबही आहे.

प्रत्येक देशात तिथल्या विमा कंपन्यांनी मिळून एक ब्यूरो काढायचा. या ब्यूरोला दोन कामं. आपल्या देशातली गाडी बाहेर गेली, तर तिच्या विम्याची हमी घ्यायची. बाहेरच्या गाडीने आपल्या देशात अपघात केला, तर त्याचा दावा आपणच हाताळायचा. म्हणजे जखमी माणूस आपल्याच देशातल्या ब्यूरोकडे, आपल्याच भाषेत जातो. भरपाई तिथल्या कायद्याने ठरते आणि तिथेच मिळते. मग दोन देशांचे ब्यूरो आपसात वसुली करत बसतात. भांडण कागदवाल्यांनी करायचं, पाय मोडलेल्याने नाही. 1972 मध्ये युरोपीय समुदायाने पुढचं पाऊल टाकलं आणि सदस्य देशांच्या आपसातल्या सीमांवर विम्याचा कागद तपासणंच बंद करण्याची वाट मोकळी केली.

ही कल्पना युरोपातच राहिली नाही. पश्चिम आफ्रिकेत ब्राउन कार्ड आलं, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या कोमेसा गटात यलो कार्ड आलं. केनियाचा ट्रक युगांडात शिरतो तेव्हा एक पिवळा कागद त्याच्यासोबत असतो. आपल्यापेक्षा गरीब म्हणून ज्यांच्याकडे आपण बघतो, त्या देशांनी ही घडी बसवली.

दक्षिण आशियात असं एकही कार्ड नाही.

1957 साली लंडनहून कलकत्त्याला बस आली होती. साठ-सत्तरच्या दशकांत तर युरोपातले तरुण जुन्या व्हॅन घेऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत काठमांडूला आणि गोव्याच्या किनाऱ्यावर येत. कार्ने त्यांना वाघा पार करून देई. ग्रीन कार्डाची हद्द मात्र केव्हाच मागे पडलेली असे. भारतात शिरल्यावर इथला विमा वेगळा घ्यावा लागे. आजही परदेशी गाडीला तोच नियम आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 146 गाडी कुठल्या देशाची ते बघत नाही. सार्वजनिक जागी चालवायची, तर तृतीय पक्षाचा विमा हवाच.

आपण बाहेर जातो तेव्हा काय होतं? तुमच्या पॉलिसीवर 'भौगोलिक क्षेत्र' अशी एक ओळ असते. तिथे फक्त 'भारत' लिहिलेलं असतं. जादा हप्ता भरून त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव हे देश जोडून घेता येतात. ही सोय जुनी आहे, मोटार टॅरिफमध्ये ती पहिल्याच क्रमांकाची पुरवणी आहे. तरी फार थोड्यांना ठाऊक असते.

उत्तर बंगालमध्ये माझी नेमणूक होती तेव्हाची गोष्ट. पानीटंकीच्या पुलापलीकडे नेपाळचं काकडभिट्टा आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे अधिकारी तिकडे बाजारात गेलो होतो. भारतीय नंबरच्या एका खासगी गाडीने आमच्या डोळ्यांदेखत एका सायकलवाल्याला धडक दिली. त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं, एवढं आम्हाला दिसत होतं. आम्ही त्याच्या पायाला फळी बांधून दिली. गर्दी जमली, पोलीस आले, कागद निघाले. परवाना बरोबर होता. भन्सारची, म्हणजे कस्टम्सची पावती बरोबर होती. विम्याची पॉलिसीही होती, पण तिच्यावर देश एकच, भारत. मग चहाच्या टपरीवर घासाघीस सुरू झाली. गाडीवाल्याने खिशात होते तेवढे पैसे काढून दिले. सायकलवाल्याच्या भावाने ते दोनदा मोजले आणि विचारलं, "दाजू, एवढ्यात हाड जुळेल का?" त्याला उत्तर देणारं तिथे कुणी नव्हतं. गाडी तासाभरात पूल ओलांडून परत गेली.

त्या गाडीवाल्याला मी दुष्ट म्हणणार नाही. तो घाबरलेला होता आणि होतं ते देऊन गेला. पण व्यवस्था नसली, की न्याय खिशाच्या खोलीवर ठरतो.

एक गोष्ट फौजी म्हणून सांगतो. आपल्या कायद्यात सरकारी गाड्यांना, म्हणजे लष्कराच्या गाड्यांनाही, सक्तीच्या विम्यातून सूट आहे. त्यामागचा विचार असा की सरकार स्वतःच भरपाई द्यायला समर्थ आहे. त्यामुळे आम्ही आयुष्यभर गाड्यांत बसलो, पण विम्याचा कागद कधी हाताळला नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर काँगोत गेलो. तिथे घरचा परवाना दाखवून भागलं नाही. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची परीक्षा घेतली आणि मगच संयुक्त राष्ट्रांचा परवाना हातात ठेवला. तिथे एक ठराव वाचायला मिळाला, 13 फेब्रुवारी 1946 चा. संयुक्त राष्ट्रांवर स्थानिक कोर्टात खटला चालत नाही, त्यांना तसं संरक्षण आहे. पण या संरक्षणामुळे अपघातात जखमी झालेला माणूस भरपाईला मुकता कामा नये, म्हणून संघटनेच्या सगळ्या गाड्यांचा तृतीय पक्ष विमा उतरवावा, असा तो ठराव. संघटना जन्मून चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्यांना हे सुचलं. ज्याच्या हाती बळ आहे, त्याने आधी समोरच्याची सोय लावावी, हा त्याचा अर्थ मी घेतला.

आपलं सर्वोच्च न्यायालयही याच वाटेने गेलं आहे. 2004 च्या स्वर्णसिंग खटल्यात प्रश्न असा होता, की चालकाच्या परवान्यात दोष निघाला तर विमा कंपनीने हात वर करावेत का? न्यायालयाचं सूत्र थोडक्यात असं, की कंपनीची बाजू खरी ठरली तरी जखमीला आधी पैसे मिळावेत आणि ते कंपनीने नंतर गाडीमालकाकडून वसूल करावेत. ग्रीन कार्डाचा आत्मा हाच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे तो सीमेच्या आत थांबतो.

सीमेपलीकडे तो जाण्याची एक संधी आली होती. 15 जून 2015 रोजी थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एकमेकांच्या गाड्या एकमेकांच्या रस्त्यांवर चालाव्यात, हा त्याचा हेतू. भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने 2016 मध्ये तो फेटाळला. डोंगरातल्या लहान देशाला बाहेरच्या ट्रकांची भीती वाटली, आणि ती समजण्यासारखी आहे. आपल्या रस्त्यावर येणाऱ्या परक्या गाडीच्या मागे पक्की हमी उभी असेल, तर अशी भीती थोडी तरी कमी होते. रस्ते रुंद करणं सोपं, विश्वास रुंद करायला असा कागद लागतो.

तो कागद येईल तेव्हा येईल. तोवर आपण काय करायचं? निघण्याआधी चार गोष्टी बघा. मूळ परवाना सोबत, आणि जिथे लागतं तिथे इंटरनॅशनल परमिट. ते आपल्याच आरटीओत मिळतं. दुसरं, पॉलिसीवरची भौगोलिक क्षेत्राची ओळ. जायच्या देशाचं नाव तिथे छापून घ्या, तोंडी होकारावर निघू नका. तिसरं, परदेशात भाड्याची गाडी घेताना दोन विमे वेगळे विचारा, गाडीच्या नुकसानीचा आणि समोरच्या माणसाच्या नुकसानीचा. काउंटरवरचा माणूस पहिल्याबद्दल भरभरून बोलतो, दुसऱ्याची रक्कम तुम्हीच विचारायची. चौथं, परवान्याचा प्रकार आणि गाडीचा प्रकार जुळतो का. चारचाकीच्या परवान्यावर परदेशात स्कूटर भाड्याने घेतली, तर परवाना आणि विमा दोन्ही एकदम हातचे जातात.

परवाना तुम्हाला गाडी चालवू देतो. विमा ज्याच्यासाठी असतो, त्याचं नाव-गाव तुम्हाला निघताना माहीत नसतं. तो एखाद्या परक्या गावात सायकलवरून आपल्या कामाला निघालेला असतो. त्याचीही सोय आपल्या सामानात बांधलेली असावी, एवढंच सांगायचं होतं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.