मुंबईची एकोणचाळीस मिनिटं

कॉमर्सच्या पदवीधराने इतिहासात नाक खुपसू नये, हे मला मान्य आहे. पण आमच्या धंद्यात फरक दिसला की तो शोधल्याशिवाय झोप येत नाही. दोन पैसे जुळले नाहीत तर रात्री आठपर्यंत खातेवह्या उपसणारी आम्ही माणसं! आणि या मुंबईच्या घड्याळांत एकोणपन्नास वर्षं एकोणचाळीस मिनिटांचा फरक पडून होता, तो कोणी जुळवला नाही.

पूर्वी ज्याची त्याची दुपार ज्याच्या त्याच्या डोक्यावर होत असे. सूर्य माथ्यावर आला की बारा, संपलं! त्या हिशेबाने मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे आणि कलकत्ता तासाभराहून थोडं जास्तच पुढे. कोणाचं काही अडत नव्हतं. मग आगगाडी आली. तिला एकच घड्याळ हवं होतं. मद्रासला वेधशाळा होती, शिवाय गाव दोन्हींच्या मधलं. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. म्हणजे आठची गाडी घरच्या घड्याळात साडेसातलाच सुटायची! वळकट्या आणि मुलंबाळं सांभाळत ही वजाबाकी करणाऱ्या त्या काळच्या कुटुंबप्रमुखांना माझा नमस्कार.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली. मुंबईकर बधले नाहीत आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. खरी जुंपली ती पुढे. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ देशाला लागू झाली. ती ठरली मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून. मुंबईला काटा एकोणचाळीस मिनिटं पुढे सरकवावा लागणार होता.

एकोणचाळीस मिनिटं म्हणजे काय मोठंसं, असं गादीवर लोळणाऱ्याला वाटेल. गिरणीकामगाराच्या बाजूने खातं मांडून बघा. नव्या घड्याळात सहाचा भोंगा म्हणजे जुन्या घड्याळात पाच वाजून एकवीस मिनिटं. जानेवारीतला काळोख, आणि घरातली बाई त्याच्याही आधी चुलीपाशी. सूर्य काही मिर्झापूरच्या हुकमाने लवकर उगवत नाही! त्याच महिन्यात हजारो गिरणीकामगार बिथरले, माग बंद पडले, गिरण्यांवर दगड आले. शहरात पंधरा हजारांवर लोकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झालेली. सरकार काटा फिरवतंय म्हटल्यावर लोकांना त्यातही सरकारचा हातच दिसला, यात नवल नाही.

महापालिकेने तर मुंबईची वेळ धरली ती धरलीच. फिरोजशहा मेहतांसारखा माणूस त्या बाजूला होता. मग एकाच शहरात रेल्वे एका वेळेने आणि पालिका दुसऱ्या! कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत चालवली. मुंबईची पालिका नमली १९५५ मध्ये, म्हणजे स्वराज्य आल्यावर आठ वर्षांनी. इंग्रज गेला, पण एकोणचाळीस मिनिटं सुटली नव्हती.

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. साहेब कॅलिफोर्नियात. तिकडे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचे लोक घड्याळ तासभर मागे घेतात, की याची मीटिंग साडेदहाला. एकोणचाळीस नव्हे, चांगली साठ मिनिटं! दगड राहू द्या, हा साधा अर्जसुद्धा करत नाही. उलट मला लंडनची वेळ काढायची युक्ती शिकवतो: हातातलं काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं, साधारण तिकडची वेळ दिसते. मात्र फक्त हिवाळ्यात. उन्हाळ्यात तेही एक तास पुढे पळतात.

परवा वहिनींनी तिसऱ्यांदा आमटी गरम केली आणि विचारलं, "अरे, घड्याळ त्यांनी फिरवलं ना? मग जेवण आमचं का थांबायचं?"

"आई, क्लायंट तिकडचा आहे."

"आणि गॅस इकडचा," वहिनी म्हणाल्या.