वल्कलाची वाकळ

नवरात्राचे घट बसायला आठ-दहा दिवस उरले की कोल्हापुरात पंचगंगेचा घाट रंगीत होतो. दगडी पायऱ्यांवर, कठड्यांवर, मोकळ्या कातळावर, जागा मिळेल तिथे वाकळा पसरलेल्या असतात. लाल, जांभळ्या, हिरव्या, विटक्या, चट्ट्यापट्ट्याच्या. दसऱ्याआधी घरातले झाडून सगळे अंथरूण-पांघरूण धुवायचे हा इकडचा रिवाज. त्यामुळे कुणी रिक्षातून, कुणी हातगाडीवरून वाकळांची गाठोडी नदीवर आणते. कोरडी असते तेव्हा वाकळ तीन-चार किलोंची. पाणी प्यायली की ती एका बाईला उचलत नाही. म्हणून पिळायला दोघी लागतात. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि दोघींचा पीळ उलट दिशेने. शेजारणीची वाकळ पिळून दिली की ती आपली पिळायला येते.

धुताना जो हिशेब, तोच शिवतानाही. पण त्याआधी नावाची गोष्ट.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी जिला गोधडी म्हणतात तिला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे वाकळ म्हणतात. गोधडीची भावंडे शेजारीपाजारी सापडतात: हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी. वाकळेचे कूळ मात्र वेगळे आणि ते थेट झाडापर्यंत जाते. संस्कृत 'वल्कल' म्हणजे झाडाची साल, आणि सालीचे वस्त्र. प्राकृतात त्याचे 'वक्कल' झाले. कालिदासाच्या नाटकात शकुंतला हाच शब्द वापरते. प्रियंवदेने वक्कल फार आवळून बांधले आहे, जरा सैल कर, असे ती अनसूयेला सांगते, तेही प्राकृतातच, कारण संस्कृत नाटकांत स्त्रिया सहसा प्राकृत बोलतात. पुढे मराठीने नेहमीचे काम केले. 'हस्त'चा 'हत्थ' आणि 'हत्थ'चा 'हात' झाला, 'सप्त'चा 'सत्त' आणि 'सत्त'चा 'सात' झाला, तसा 'वक्कल'मधला एक 'क' गळला, आधीचा स्वर लांबला, आणि 'फल'चे 'फळ' होते त्या चालीने शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला. वाकळ.

आश्रमकन्येच्या अंगावरची साल आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माळ्यावरचे पांघरूण एकाच शब्दाची दोन टोके आहेत. मधल्या काळात साल गेली आणि तिच्या जागी चिंध्या आल्या. थरावर थर तेवढा राहिला.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची परंपरा वाकळेहून कितीतरी जुनी आहे. बौद्ध भिक्खूंसाठी 'पांसुकूल' सांगितले आहे, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर टाकून दिलेले कापड. ते वेचायचे, धुवायचे आणि जोडून चीवर करायचे. विनयपिटकातल्या महावग्गात त्याच्या नक्षीचीही कथा येते. वाटेने जाताना बुद्धांना मगधातली बांध घातलेली चौकोनी शेते दिसली. असेच चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने तसे शिवून दाखवले. भिक्खूंच्या चीवरात ते बांध आजही दिसतात. संस्कृतात ठिगळांच्या पांघरुणाला कन्था म्हणत. नाथजोग्यांच्या खांद्यावर ती असे. बंगालमध्ये त्या कंथेवर सुईने मासे, हत्ती, कमळे उमटली आणि तिचे नाव जगभर गेले.

मराठी संतकथेत वाकळ देवाच्या अंगावर आली आहे. जनाबाईला दळू लागायला विठ्ठल तिच्या खोपटात यायचा. एकदा पहाट झाली, राउळात काकड आरतीची वेळ आली, आणि गडबडीत देव आपला शेला आणि पदक तिथेच टाकून जनीची वाकळ पांघरून निघून गेला. इकडे पदक सापडले म्हणून जनीवर चोरीचा आळ आला, सुळापर्यंत वेळ आली, आणि सुळाचे पाणी झाले. महिपतींनी 1762 मध्ये रचलेल्या 'भक्तविजया'त ही कथा आहे, आणि कीर्तनकार ती अजून रंगवून सांगतात. पुढे चिंध्या पांघरून गावे झाडत फिरणाऱ्या गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडेबाबा, चिंधेबाबाही म्हणत.

कथा-कीर्तनात वाकळ वैराग्याची. घरात ती काटकसरीच्या हिशेबाची.

नऊवारी लुगड्याचा जन्म पाहिला म्हणजे हा हिशेब कळतो. लुगडे आधी मधोमध विरते, कारण बसण्या-उठण्याचा सगळा ताण तिथेच येतो. विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन टोके जोडायची. याला दांड घालणे म्हणतात. दांडाचे लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे निघे. तेही फाटले की मऊ भागाची बाळाची दुपटी व्हायची. वापरून आणि धुऊन धुऊन मवाळ झालेले सुती कापड नव्या कापडापेक्षा तान्ह्याच्या कातडीला बरे, ही प्रत्येक आजीची खात्री. काठ मजबूत असतात, ते वेगळे काढून ठेवायचे. उरलेला भाग वाकळेच्या पोटात जायचा. त्यालाच धोतराचे पान, मुलांच्या सदऱ्यांचे तुकडे, परकराचा घेर आणि कोल्हापुरात हमखास एखाद्या जुन्या पटक्याचे लांबलचक कापड येऊन मिळे. वाकळही फाटली की तिचे पोतेरे. जमीन सारवता सारवता लुगड्याचा शेवटचा धागा मातीला मिळायचा.

शिवायची रीत सांगायला सोपी, करायला वेळखाऊ. सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर खालचे अस्तर अंथरायचे. ते बहुधा अखंड लुगड्याचे, नाहीतर मांजरपाटाचे असते. चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, दगड असे काहीही ठेवून ते ताणायचे. त्यावर चिंध्यांचे थर लावायचे, कुठे उंचवटा नाही, कुठे खड्डा नाही असे. वर दर्शनी कापड, आणि कडेने आधी काढून ठेवलेले काठ. मग लांब लांब टाक्यांनी सगळे टाचून घ्यायचे आणि नंतर खरा धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यावर यायचे. दोन ओळींत बोटभर अंतर. धावदोरा हा सुईकामातला सगळ्यात साधा टाका, पण विरलेल्या कापडाला तोच मानवतो. ताण एका शिवणीवर न येता शेकडो टाक्यांत वाटला जातो. थरांच्या मध्ये हवा अडकते, ती ऊब धरते. अडचण एकच. कडेने शिवत आले की कापडाचा फुगवटा मध्याकडे सरकतो आणि शेवटी तिथे चुणी पडते. म्हणून दर ओळीनंतर तळहाताने कापड निपटावे लागते. मध्यावर चुणी नसलेली वाकळ पाहिली की जाणती बाई शिवणारीचे नाव विचारते.

एकटीने बसले तर पंधरा दिवस सहज जातात. त्यामुळे एकटीने बसायचेच नाही.

कोल्हापूरच्या शेतकऱ्याला 'पैरा' समजावून सांगावा लागत नाही. आज माझ्या रानात तुम्ही, उद्या तुमच्या रानात मी. मजुरी नाही, कामाची फेड कामाने. सुगी उरकली, पाडवा झाला, की हाच पैरा बायका अंगणात आणत. उन्हाळ्याची लांब दुपार, धान्य घरात आलेले, पाऊस अजून लांब. ज्या घरची वाकळ तिथे गल्लीतल्या चौघी-पाचजणी जमत आणि वाकळेच्या चार बाजू धरून बसत. म्हातारीची नजर सुईच्या नेढ्याला पुरत नसे, म्हणून नातवंडांकडून सकाळीच पाच-सहा सुयांत दोरा ओवून घेतलेला असे. घरधनीण चहा ठेवी, तिखटमीठ लावलेले काहीतरी पुढे करी. सासरच्या, माहेरच्या, न सांगण्यासारख्या गोष्टी तिथेच सांगितल्या जात, कारण सगळ्यांच्या माना खाली असत. एक वाकळ उरकली की दुसरे अंगण. सुया-दाभण विकणारी वैदीण बिब्बे, पोत, सुया असा पुकारा करत याच दिवसांत गल्लीतून फिरली की तिचा धंदा होई.

जुन्या वाकळेत हा पैरा वाचता येतो. चार बाजूंनी चौघी मध्याकडे शिवत येतात, तेव्हा प्रत्येकीचा हात वेगळा उमटतो. एका बाजूला तांदळासारखे बारीक टाके, दुसरीकडे घाईचे ढगळ, तिसरीची ओळ डावीकडे कललेली. काही ठिकाणी दोऱ्याचा रंगच बदलतो.

कापड बदलले तशी वाकळही बदलली. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. दोनच वर्षांनी, 1906 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणी काढली. पुढे इचलकरंजी यंत्रमागांचे शहर झाले. कापड हाताशी आले तशा चिंध्याही वाढल्या, आणि शिंप्याच्या दुकानातल्या कातरणाची भर पडून वाकळेत छापील फुले, चौकड्या, रेघा दिसू लागल्या.

नंतर दोन प्रतिस्पर्धी आले. पहिली बोहारीण. जुन्या लुगड्यांवर स्टीलचे भांडे देणारी ही बाई दारात उभी राहिली की वाकळेसाठी साठवलेल्या गाठोड्यावर वाटाघाटी सुरू होत, आणि पातेल्यापुढे वाकळ बहुधा हरे. दुसरा प्रतिस्पर्धी पॉलिस्टर. त्याच्या साड्या घाम टिपत नाहीत, सुईखाली घसरतात, आणि मुख्य म्हणजे विरतच नाहीत. सुती लुगडे मऊ होत होत म्हातारे होते. पॉलिस्टरची साडी फॅशन गेल्यावर टाकली जाते, पण तेव्हाही ती जन्मली तेवढीच निबर असते. मऊपणाच गेल्यावर वाकळेच्या पोटात भरायचे काय? तोवर सोलापुरी चादर घरोघर आली होती. कोल्हापुरी चपलेप्रमाणे तिलाही पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. वाकळेला असे एक गाव दाखवता येत नाही. ती घराघरात झाली आणि घराबाहेर विकायला फारशी गेली नाही.

कोल्हापूरहून दक्षिणेला निघाले की सीमेवर वाकळेचे नाव बदलते. बेळगाव-धारवाडकडे ती कौदी होते. आणखी खाली हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि तिन्ही घरांत तीच 'कवंदी' शिवली जाते. तिथलीही रीत कोपऱ्यापासून सुरू करून मध्याकडे येण्याची. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली तिकोनी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे तिथल्या बायका सांगतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या कपड्यांचे, जीनचे तुकडे जोडून अशीच पांघरुणे करत आल्या. 2002 मध्ये ती ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगली गेली आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. अमेरिकेत बायकांनी जमून पांघरूण शिवण्याच्या बैठकीला 'बी' म्हणतात. कोल्हापूरच्या पैऱ्याला ती ओळखीची वाटली असती. आपल्याकडे गीता खंडेलवाल या मुंबईच्या गोधडीकार बाईंनी महाराष्ट्रभर फिरून जुन्या गोधड्यांवर पुस्तक केले. 

आता अंगणे फारशी उरली नाहीत आणि दुपारही मोकळी नाही. पण महिन्यातून एकदा बायका जमतात, ते बचत गटाच्या बैठकीला. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 मध्ये स्थापन झाले, नाबार्डने 1992 पासून बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, 2011 नंतर 'उमेद' अभियान गावोगाव पोचले. तारीख ठरलेली, हजेरी, वर्गणी, कर्जाचा हप्ता, वहीत सह्या. ज्या गटांनी गोधडीचे काम घेतले तिथे वही मिटली की कापड पसरले जाते. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत या गोधड्या विकायला असतात. गिऱ्हाइकाला रंग जुळलेले हवेत, ओळी सरळ हव्यात, कापड नवे हवे. म्हणून नवे सुती कापड आणून त्याचे तुकडे करायचे आणि तेच परत जोडायचे. जुन्या बायकांना याचे हसू येते. चांगले कापड फाडायचे म्हणजे काय? पण पैसे येतात, तेव्हा हसत हसत फाडतात.

घरची मागणीही येते, ती वेगळीच असते. आई गेली, तिच्या साड्या कपाटात आहेत, टाकवत नाहीत, वाकळ करून द्या. अशा वेळी रंग जुळवत बसायचे नसते. गाठोडे सोडले जाते, साड्या एकेक करून उलगडतात. पॉलिस्टरच्या बाजूला, सुती वेगळ्या. एखादी इरकली निघते, मधोमध दांड घातलेली. ती कापायची की अखंड वर घ्यायची यावर बराच वेळ जातो. शेवटी ती दर्शनी बाजूला, दांडासकट. मग चार कोपऱ्यांवर चौघी बसतात. एकीचे टाके बारीक, एकीचे ढगळ. पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी बसायचे ते वहीत लिहिलेले असते.